कागद, पासवर्ड आणि पसंतीक्रम

५ मे २०२५ला महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल लागला. नियमित परीक्षार्थींपैकी १४,१७,९६९ जणांनी परीक्षा दिली, १३,०२,८७३ पास झाले, टक्केवारी ९१.८८. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत दरवर्षीचंच सगळं होतं. कोकण पहिला, लातूर शेवटचा, मुलींची बाजी, एकमेकींना पेढा भरवणाऱ्या मैत्रिणींचा फोटो. मग दोन-तीन दिवसांत विषय संपला. या तेरा लाखांतल्या कोणी पुढे कुठे अर्ज केला, कोणाचा अर्ज बाद झाला, आणि आपल्यालाही अर्ज करता आला असता हे कोणाला ऑगस्टमध्ये कळलं, याची बातमी होत नाही.

गुण कमी पडले म्हणून हुकलेली जागा सगळ्यांना दिसते. कागद नव्हता, तारीख टळली, पसंतीक्रम उलटा लागला म्हणून हुकलेली जागा कुठल्याच तक्त्यात येत नाही. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी बारावीच्या पुढे निघालंय, त्यांच्याकडे मात्र या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी पैशाला पासरी मिळतात.

शिकलेल्या शहरी घरात हे काम कोणीतरी करतंय हे लक्षातही येत नाही. आई बँकेत, मामा इंजिनिअर, शेजारची ताई गेल्याच वर्षी याच चक्रातून गेलेली. दाखले वेळेत निघतात, तारखा फ्रिजवर चिकटवलेल्या असतात, कुठलं कॉलेज कशाच्या वर टाकायचं यावर रात्रीच्या जेवणात भांडणं होतात. यातलं काहीही बोर्डाच्या अभ्यासक्रमात नाही. तरी प्रवेशाच्या वेळी याचेच गुण मोजले जातात, आणि मग निकालाला आपण 'गुणवत्ता यादी' म्हणतो.

या लेखासाठी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर बारावीच्या मुलांचे फॉर्म भरायला बसतात, असं ऐकलं होतं. नाव छापू नका, म्हणाले. संस्थेत काहींना हे बाहेरचे उद्योग वाटतात. त्यांची कचेरी म्हणजे प्रयोगशाळेतलंच कोपऱ्यातलं टेबल. ब्युरेटच्या स्टँडांशेजारी निळ्या-पिवळ्या प्लास्टिक फायलींची चळत, प्रत्येक फाइलवर मुलाचं नाव आणि आत एक हाताने लिहिलेली यादी: दहावीची गुणपत्रिका, टीसी, आधार, वय-अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, बँक पासबुक. जे आलं त्यावर टिक, जे नाही त्याभोवती लाल गोल. सर फाइल उघडली की आधी लाल गोल बघतात, मग मुलाकडे.

पहिला लाल गोल बहुधा नावाचा असतो. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. त्यात कुठे 'दत्तात्रय', कुठे 'दत्तात्रेय', कुठे नुसतं 'दत्ता'. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, संगणकाला तीन वेगळे. एका मुलीच्या आधारवर जन्मतारखेच्या जागी फक्त साल होतं. ते दुरुस्त करायला ती आईबरोबर आधार केंद्रावर गेली, तिथे त्या दिवशी मशिन बंद. आईची मजुरी बुडाली ती बुडालीच. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा आई येत नाही, आणि त्यात आईचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

जात पडताळणी हा मात्र खरा घाट. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जिल्हा पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जुना पुरावा दाखवावा लागतो, आणि तो किती जुना हे प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने आजोबांचा, कधी पणजोबांचा कागद शोधायचा. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळतो. गेलेच नसतील तर चुलत आजोबा, नाहीतर महसुली नोंद, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी नोंद सापडलीच तर ती उर्दूत असू शकते, बाकी महाराष्ट्रात मोडीत. मग वाचणारा शोधा, भाषांतर करून घ्या, वंशावळीचं शपथपत्र करा.

"माहे आजोबा साळंतच गेले न्हाईत सर," असं सांगणारा एक मुलगा तिथे उभा होता. आवाजात अपराधी भाव, जणू आजोबांनी परीक्षेत कॉपी केली. सरांनी त्याला विचारलं, "आजोबांचे भाऊ किती? त्यातलं कोणी शिकलं होतं का? वडिलांकडच्या नात्यात कोणाला व्हॅलिडिटी मिळालीय का?" मुलाने बराच विचार करून एका चुलत चुलत्याचं नाव घेतलं. ते पोलिसात होते, म्हणजे नोकरीच्या वेळी त्यांची पडताळणी झालेली असण्याची शक्यता. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच सोपं होतं. अडचण एवढीच, की त्या घराशी बांधावरून बोलणं बंद होतं. सरांनी फोन लावला, स्वतःची ओळख दिली, पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. झेरॉक्स मिळाली. या कामाला कुठलं प्रशिक्षण देता येईल, मला सांगता येत नाही.

त्यापुढचा कागद नॉन-क्रिमीलेयरचा. त्याची खोच वरून दिसत नाही. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेला तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांना वेगळ्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलाच चालतो. राज्याच्या यादीत भटक्या जमातींत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत मोडतात, त्यामुळे एकाच मुलाला दोन नावांचे दोन दाखले जवळ ठेवावे लागतात. जेईईत बरे गुण मिळवलेल्या मुलाच्या हातात तीन वर्षांची मुदत असलेला राज्याचा दाखला असतो. तो निर्धास्त असतो, आणि जूनमध्ये जागावाटपाच्या वेळी तोच दाखला अमान्य होतो. तहसीलमध्ये जूनमध्ये काय गर्दी असते हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. शासन काही वेळा पावतीवर प्रवेश देतं आणि कागद आणायला मुदत देतं. मुदतीत कागद आला नाही की मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि तिथे त्याचा गुणक्रमांक पुरत नाही.

कागद जमले तरी फॉर्म भरला जाईलच असं नाही. बारावीची लेखी परीक्षा २०२५मध्ये ११ फेब्रुवारीला सुरू झाली. नीटचा फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीचा फॉर्म मार्चमध्ये. राज्याच्या सीईटीची नोंदणी त्याआधीपासून चालू. म्हणजे मूल बोर्डाच्या पेपरांत बुडालेलं असताना हे सगळं उरकायचं. आणि बीडमध्ये त्याच वेळी निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर वडिलांचा, वडील सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडात, फोन कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चार्जिंगला किंवा बंद. इकडे नेट कॅफेत मुलगा ओटीपीची वाट बघतोय आणि दहा मिनिटांत पान बंद होतंय. सरांनी यावर काढलेला उपाय साधा आहे. दिवाळीच्या सुमारास, टोळी निघायच्या आत, मुलांच्या आधारला घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडून घ्यायचा. आजीचा असला तरी चालतो. आजीला ओटीपी वाचून दाखवायला शेजारची पाचवीतली पोर बसवता येते.

ईमेल आणि पासवर्ड हे आणखी एक प्रकरण. कॅफेवाला घाईत स्वतःच्याच ईमेलवर दहा मुलांची नोंदणी करतो. पुढे पासवर्ड बदलायचा म्हटलं तर तो कॅफेवाल्याच्या हातात, आणि कॅफेवाला लग्नाला गेलेला. सर प्रत्येक मुलाकडून त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर अर्ज क्रमांक, ईमेल, पासवर्ड स्वतःच्या अक्षरात लिहून घेतात आणि ते पान स्वतः बघत नाहीत. मी विचारलं, तुम्हीच एका ठिकाणी लिहून ठेवलेत तर सोपं नाही का? ते म्हणाले, "सोपं आहे. म्हणूनच करत नाही."

त्याचं कारण जूनमध्ये कळतं. निकाल लागला की तालुक्याच्या चौकात खासगी कॉलेजांची टेबलं लागतात, 'मोफत फॉर्म भरून मिळेल' असा फलक लावून. त्या टेबलांमागे बसलेली माणसं अनेकदा प्राध्यापकच असतात. अमुक इतके प्रवेश आणा, असं त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं. ती मुलांच्या घरीही जातात, चहा घेतात, आईवडिलांशी आदराने बोलतात. मुलाचा पासवर्ड घेतात, पसंतीक्रमात एक नंबरला आपलं कॉलेज टाकतात आणि फॉर्म लॉक करतात. मुलाला वाटतं, केवढं काम झालं आपलं, तेही फुकटात.

एक नंबरला काय टाकलं याला २०२५पासून फार महत्त्व आलंय. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत त्या वर्षी चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेरीत अधिक चांगलं काही मिळवण्याची वाट बंद. दुसऱ्या फेरीत हेच बंधन पहिल्या तीन पसंतींना, तिसऱ्यात पहिल्या सहांना. नियमामागचा विचार चुकीचा नाही, जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसतो. पण ज्याला पसंतीक्रम म्हणजे काय हेच कोणी सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी हा नियम सापळा आहे.

पसंतीक्रम भरताना मुलं काय करतात? 'आपल्याला कुठे लागेल' याचा अंदाज बांधतात आणि तेच कॉलेज वर टाकतात. गावाजवळचं, नक्की मिळणारं, एक नंबरला. वरच्या कॉलेजांची नावं टाकायला लाजतात. आपली लायकी काढल्यासारखं वाटतं. शेकडो पर्याय भरता येत असताना आठ-दहा भरून थांबतात. संगणक मात्र वेगळ्याच रीतीने चालतो. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू करतो, प्रत्येकाचा क्रम वरून खाली वाचतो आणि त्या मुलाला मिळू शकणारी पहिली जागा देऊन पुढे जातो. वर अशक्य वाटणारी वीस कॉलेजं टाकली म्हणून एकविसाव्या कॉलेजातला हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा क्रम लावायचा तो इच्छेचा, अंदाजाचा नाही. ही एवढी एक गोष्ट राज्यातल्या प्रत्येक बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहून समजावली तर त्याने जेवढा फायदा होईल, तेवढा कुठल्याही क्लासने होणार नाही.

प्रयोगशाळेत एक मुलगी चुलत्यांबरोबर आली होती. सीईटीला अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पर्सेंटाइल. तिने घरून भरून आणलेल्या कागदावर पहिलं नाव तीस किलोमीटरवरच्या खासगी कॉलेजचं. चुलत्यांचं म्हणणं सरळ होतं: "पोरीची जात, लांब कशाला? जवळ ऱ्हाईल, एसटीनं येईल-जाईल." सरांनी वाद घातला नाही. मुलीला म्हणाले, "ही सगळी कॉलेजं तुला उद्या फुकट देतो म्हटलं, तर आधी कुठलं घेशील?" तिने चुलत्यांकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीवर बोट ठेवलं. मग कराड, मग अवसरी, मग यवतमाळ, चंद्रपूर. शासकीय वसतिगृहाची चौकशी फोनवर तिथेच झाली. घराजवळचं कॉलेज चौदाव्या नंबरला गेलं. चुलते अस्वस्थ. "एवढं वरचं मागितलं अन् न्हाई भेटलं, तर हे बी जाईल की." सर म्हणाले, "वरचं मागितलं म्हणून खालचं जात नाही, काका. हे तिकीटखिडकीसारखं नाही, की एका रांगेत उभं राहिलं म्हणून दुसरी चुकली."

मग कटऑफची यादी उघडली. ती वाचायला शिकणं हे निराळंच अक्षरज्ञान. जीओपनएस, एलओबीसीएच, टीएफडब्ल्यूएस अशी सांकेतिक नावं. सुरुवातीचा 'जी' म्हणजे सर्वांसाठी, 'एल' म्हणजे मुलींसाठी. शेवटचा 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, 'ओ' बाहेरच्यांसाठी, 'एस' राज्यस्तरावरची जागा. टीएफडब्ल्यूएस ही शिकवणी शुल्क माफ असलेली जागा, मंजूर जागांवर पाच टक्के जादा, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी, जात कुठलीही असो. तिचा पसंतीचा कोड वेगळा असतो. जो वेगळा भरेल त्यालाच ती मिळते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो भरतच नाही. प्रवेशाची माहितीपुस्तिका जाडजूड, इंग्रजीतली, शासकीय भाषेतली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने ती स्वतः वाचावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः ती वाचून दाखवावी.

त्या मुलीला दुसऱ्या फेरीत शासकीय कॉलेजात सिव्हिल मिळालं. कॉम्प्युटर हवं होतं, ते नाही मिळालं. फोनवर बोलली तेव्हा ती फारशी खूश वाटली नाही. चुलते मात्र 'गव्हर्मेंट' हा शब्द गावभर सांगत फिरत होते.

विज्ञान शाखेच्या मुलांना निदान कोणी विचारतं तरी. मराठवाड्यात लातूर पॅटर्नने नीट-जेईईच्या तयारीची एक अख्खी अर्थव्यवस्था उभी केली आहे; पेपर कसा सोडवायचा हे सांगणारे पावलोपावली भेटतात. तरी तिथेही, वैद्यकीयच्या पंधरा टक्के अखिल भारतीय जागांसाठी एक नोंदणी आणि राज्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी दुसरी, हे ऐनवेळी कळणारी मुलं असतात. कला शाखेचं तर नावच काढू नका. आर्ट्सच्या मुलासमोर वाट एकच असते, गावातल्या कॉलेजात बी.ए. आणि सोबत पोलीस भरती नाहीतर स्पर्धा परीक्षा. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर होतात, ही परीक्षा मराठीतूनही देता येते, दिल्ली, बनारस, हैदराबाद इथे फी आणि वसतिगृह मिळून खर्च पुण्यातल्या खोलीभाड्यापेक्षा कमी पडू शकतो, हे कोणी त्याच्या कानावर घालत नाही.

घातलं तरी एक अट राहते: फॉर्म भरताना निवडलेल्या विषयांनी पुढच्या प्रवेशाच्या वाटा ठरतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स हवं असेल तर सीयूईटीत गणित दिलेलं असावं लागतं, आणि बारावीत नसलेला विषय तिथे धरत नाहीत. म्हणजे अकरावीला गणित सोडलं त्या दिवशीच ते दार बंद झालं. अकरावीत कोणी विचारलं होतं का त्या मुलाला, की अर्थशास्त्र शिकायचंय का? वेळापत्रकात जे विषय होते ते त्याने घेतले.

या रिकाम्या जागेत काही माणसं उतरली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी २०१७मध्ये यवतमाळला 'एकलव्य' सुरू केलं. त्यांची स्वतःची पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था ('टिस'), आणि मग चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनचं सोआस. आपल्याला जे उशिरा आणि ठेचा खात कळलं ते पुढच्यांना वेळेत कळावं, एवढाच त्यामागचा हिशेब. कार्यशाळा, निवासी शिबिरं आणि महत्त्वाचं म्हणजे आधी गेलेल्या मुलांनी मागच्यांना हात देणं, ही त्यांची रीत. सुरुवात पदवीनंतरच्या प्रवेशांपासून झाली, पण प्रश्न खालपासूनच असल्याने कामही खाली येत गेलं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०१५मध्ये सुरू केलेल्या 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट'नेही तेच केलं. डॉक्टर होत असलेली मुलं डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना विनामूल्य शिकवू लागली, पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठी वेगळी तुकडी काढली. दोन्हींत मला एक साम्य दिसतं. मदत करणारा मदत घेणाऱ्यापेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठा असतो, आणि त्याच तहसीलच्या रांगेत उभा राहून आलेला असतो. त्याला 'तुमच्याकडे स्कॅनर नाही का?' असा प्रश्न पडत नाही.

निबंधाचा प्रश्न थोडा वेगळा, पण सांगितलाच पाहिजे. अशोका, फ्लेम अशी खासगी विद्यापीठं अर्जासोबत मुलाला स्वतःबद्दल लिहायला सांगतात. अझीम प्रेमजी विद्यापीठात लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. या ठिकाणी गरजू मुलांना भरीव, कधी पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते, म्हणून फी पाहून दचकून मागे फिरायचं कारण नाही. पण लिहायचं काय? मुलं लिहितात, 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.' विचारत बसलं की हळूहळू बाहेर येतं. एक मुलगी सातवीत असताना आईबापाबरोबर फडावर गेली होती आणि कोपीत धाकट्या भावाची शाळा घ्यायची. टोळीच्या मुकादमाकडच्या उचलीचा हिशेब घरात तीच ठेवते. गावात बोअर कुठे कोरडी जाते हे तिला पाठ आहे. हे लिहायच्या लायकीचं आहे असं तिला वाटतच नाही.

इथे मदत करणाऱ्याचा तोल जाण्याची भीती असते. एक तर तो स्वतःच्या फर्ड्या भाषेत सगळं लिहून देतो, आणि मुलाखतीत मुलगी तोंड उघडते तेव्हा कागदावरची बाई कोणी दुसरीच होती हे कळतं. नाहीतर तो तिच्या हलाखीचं प्रदर्शन मांडतो, कारण शहरातल्या वाचणाऱ्यांना ते आवडतं असा त्याचा समज असतो. मी असे काही निबंध वाचले. त्यांत दारिद्र्य खूप होतं आणि मूल कुठेच नव्हतं. चांगला मदतनीस विचारतो, ऐकतो, आणि लेखणी मुलाच्याच हातात ठेवतो. इंग्रजी मोडकं राहिलं तर राहू देतो.

प्रवेश मिळाल्यावरचा पैशाचा भाग इथे थोडक्यात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. विकास शुल्क वगैरे राहतंच. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेगळा भरावा लागतो, प्रवेश झाला म्हणजे तो आपोआप होत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे. पुण्यात १९५५पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलामुलींची राहण्याची सोय करते आहे. 'पुण्यात ऱ्हायाचं कुठं?' या एका प्रश्नापाशी कित्येक घरांतली चर्चा संपते, हे ज्यांनी सत्तर वर्षांपूर्वी ओळखलं त्यांचं मला कौतुक वाटतं.

आता सरांविषयी शेवटचं. ते हे सगळं कॉलेजच्या वेळेनंतर करतात, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या नेटवर. त्यांची बदली झाली किंवा उमेद संपली की त्या गावातलं काम थांबेल. चांगल्या माणसांच्या जिवावर व्यवस्था चालवण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि अशा माणसांवर लेख लिहून आपण त्यांची परतफेड करतो. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाला आठवड्याच्या काही तासिका कमी करून हे काम नेमून द्यावं, त्याला दरवर्षी बदललेल्या नियमांचं प्रशिक्षण द्यावं, आणि माहितीपुस्तिका साध्या मराठीत छापावी. यात पैसा फारसा लागत नाही. मुलांचे दाखले तहसीलमध्ये अडकू नयेत म्हणून अकरावीतच कॉलेजात शिबिर लावता येतं; काही ठिकाणी लागतातही. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता वेळापत्रकात घालावं.

शासन करील तेव्हा करील. हा अंक वाचणाऱ्यांतले पुष्कळजण शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, किंवा ज्यांची मुलं नुकतीच या फेऱ्यांतून गेली आहेत असे पालक आहेत. तुम्हाला कटऑफची यादी वाचता येते. येत्या जूनमध्ये गावाकडच्या, नाहीतर घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या, दोन मुलांसोबत पसंतीक्रम भरायला बसा. पासवर्ड त्यांच्याकडेच राहू द्या. आणि घरात किंवा नात्यात अकरावीतलं मूल असेल, तर आजोबांच्या शाळेत जाऊन उतारा मागा, आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी ताडून बघा, आणि राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह याच सत्रात दाखल करा. बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका.